वाचकांचे प्रश्न : जुन्या मोटारीचे सामान अस्सल की नक्कल?

प्रश्न : हिंगणघाट तालुक्यातील आमच्या मालगुजारी वाड्याच्या कोठीत आजोबांच्या एम.जी. टी.सी. या दोन आसनी मोटारीचे सामान निघाले. त्यात ल्युकास कंपनीचा धुक्यात लावायचा एक दिवा, स्मिथ्स कंपनीचा स्पीडोमीटर आणि ‘एए’ अक्षरांचा बिल्ला आहे. मोटार फार पूर्वीच विकली गेली. नागपूरचे एक व्यापारी तिन्ही वस्तूंची मिळून एकच रक्कम देऊ करतात. या वस्तू अस्सल आहेत का आणि त्यांची किंमत कशी ठरवावी?
— एक वाचक, जि. वर्धा

उत्तर : एकरकमी सौदा तूर्त थांबवावा. एका कोठीत सापडलेले सामान एकाच मोटारीचे असते असे नाही, आणि आपल्या पत्रातच तशी खूण आहे. टी.सी. ही गाडी १९४५ ते १९४९ या काळात तयार झाली व तिचे मुख्य मीटर जेगर या नावाचे असत. इंजिनाचे फेरे दाखवणारा मीटर चालकासमोर, तर स्पीडोमीटर शेजारच्या आसनासमोर असे. त्यामुळे स्मिथ्सचे नाव असलेला आपला मीटर अस्सल असला तरी तो बहुधा दुसऱ्या गाडीचा आहे. स्मिथ्सने स्पोर्ट्‌स गाड्यांप्रमाणेच साध्या घरगुती गाड्यांनाही मीटर पुरवले, म्हणून केवळ नावावर भाव ठरत नाही. तबकडीच्या खालच्या भागात बारीक अक्षरांत ‘एसएन’ने सुरू होणारा क्रमांक आणि एका मैलात केबलचे किती फेरे होतात तो आकडा असतो, त्यावरून मीटर कोणत्या गाडीचा हे जाणकार शोधू शकतो. अंधारात चमकणाऱ्या जुन्या रंगात रेडियम असू शकते, म्हणून काच उघडून काटे खरवडू नयेत.

दिव्याची परीक्षा मागच्या बाजूने करावी. ल्युकासच्या ‘एसएफटी ५७६’सारख्या दिव्यांच्या नकला आजही नव्याने तयार होतात, आणि त्यांचा दर्शनी भाग इतका हुबेहूब असतो की समोरून पाहून निर्णय देणे मला धोक्याचे वाटते. काचेवरचे व मागच्या कवचावरचे ठसे, आतल्या परावर्तकाचा मुलामा, वायरीचे आवरण आणि स्क्रू पाहावेत. त्या काळच्या ब्रिटिश सामानात इंची मापाचे आटे आणि बहुधा एका खाचेचे स्क्रू असत. मेट्रिक नट आढळला तर नक्कल किंवा नंतरची दुरुस्ती, यांपैकी काय ते तपासावे लागते. खरी झीज पट्टीच्या पकडीखाली व हात लागणाऱ्या कडांवर जास्त असते, सगळीकडे सारखी नसते. दिवा चिंचेने घासू नये आणि पॉलिशलाही देऊ नये, कारण बफिंगने ठशांच्या कडा बोथट होतात आणि पुरावाच पुसला जातो.

बिल्ला ब्रिटनच्या ऑटोमोबाइल असोसिएशनचा दिसतो. त्यावर सभासद क्रमांक ठोकलेला असतो आणि त्यातील अक्षरांवरून काळ कळतो. अशा बिल्ल्यांच्या नकला पुष्कळ आहेत.

मला सर्वांत मोलाचे वाटतात ते कागद. नोंदणीपत्र, विम्याची पावती, आजोबा गाडीजवळ उभे असलेला फोटो, जे मिळेल ते शोधावे. दिवा त्याच गाडीवर बसवलेला फोटोत दिसला, तर सुट्या दिव्यापेक्षा संग्राहक त्याला अधिक मान देतात. १९४८ च्या कागदावर ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ आणि १९५२ च्या कागदावर ‘मध्यप्रदेश’ असे छापलेले असणे योग्यच आहे, कारण आपला जिल्हा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला. उलट १९५२ च्या कागदावर ‘महाराष्ट्र शासन’ असेल, तर तो कागद खोटा.

भावासाठी विक्रेत्यांनी मागितलेल्या किमती पाहू नयेत. लिलावात प्रत्यक्ष मिळालेल्या किमती पाहाव्यात व त्यातून दलाली आणि वाहतूक वजा करावी. दिव्यांना जोडीने अधिक भाव येतो, म्हणून दुसरा दिवा कोठीत, माळ्यावर आणि गोठ्यातही एकदा शोधावा. तो शोध झाल्यावर व्यापाऱ्यांकडून प्रत्येक वस्तूचा वेगळा भाव लेखी घ्यावा.