वऱ्हाड जंगलात नेताना

लग्नाचे मुहूर्त निघाले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी "हा कुठला पक्षी" विचारणारे वाचक मग "पाहुण्यांना जंगल कसं दाखवू" विचारू लागतात. यंदाची काही निवडक पत्रं घेतली आहेत.

मुलीचं लग्न मे महिन्यात देवरुखला आहे. पुण्या-मुंबईचे पन्नासेक पाहुणे चार दिवस राहतील. त्यांना गाइडसह चांदोली राष्ट्रीय उद्यान दाखवायचं आहे. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ठेवू का? – एक वधूपिता

दुसऱ्या दिवशी सत्यनारायण असतो, हे मी तुम्हाला सांगायला नको! आणि आदल्या रात्री एकला झोपलेलं वऱ्हाड पहाटे चारला उठत नाही. पूजेनंतरचा दिवस ठेवा.

आता अंतराचं. चांदोली तुमच्या संगमेश्वर तालुक्याच्या पाठीलाच आहे, सह्याद्रीच्या माथ्यावर. पण परसातून भिंत दिसावी आणि दार मात्र पलीकडच्या आळीत असावं, तशी गत. गाडीरस्ता साखरपा, आंबा घाट, मलकापूर असा फिरून वारणेच्या धरणाकडे जातो. जायला तीन-साडेतीन तास धरा, यायला तेवढेच. घाटात गाडी लागणारे चारपाच जण प्रत्येक वऱ्हाडात असतात. त्यांना पुढच्या सीटवर बसवा आणि निघताना पोटभर पोहे देऊ नका.

खरा प्रश्न पन्नासचा आहे. काही वर्षांपूर्वी मी अडतीस माणसं घेऊन गेलो होतो. मागच्या गाडीत स्पीकर, पुढच्या गाडीत भेंड्या. दिवसभरात आम्ही पाहिलं काय, तर गव्याचं शेण. ताजं होतं, वाफ निघत होती. म्हणजे गवा पाच मिनिटांपूर्वी तिथे उभा होता आणि आमचा आवाज ऐकून निघून गेला. त्या शेणाचे मात्र सगळ्यांनी फोटो काढले.

तेव्हा आग्रह करू नका. "ज्यांना पहाटे उठायचंय त्यांनी नाव द्या" एवढंच म्हणा. दहा-बारा नावं येतील, आणि नेण्यासारखी माणसं तीच. बाकीच्यांना मार्लेश्वर दाखवा, जवळ आहे. आठ-दहा जणांमागे एक स्थानिक गाइड घ्या. प्रवेश, गाड्या आणि सुट्टीचा वार यांची चौकशी वन्यजीव विभागाच्या कार्यालयात आधी करा, पत्रिका छापण्याआधी केलीत तर उत्तम. पावसाळ्यात, साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, पर्यटन बंद असतं. तुमचा मे त्यात येत नाही.

चांदोलीत वाघ दिसेल का? अमेरिकेहून आलेला दीर सारखं तेच विचारतोय. – करवली नव्हे, वहिनी, चिपळूण

नाही म्हणून सांगा. दिसला तर त्याचं नशीब, पण त्या आशेवर नेऊ नका. चांदोली २००४ साली राष्ट्रीय उद्यान झालं, ३१७ चौरस किलोमीटरचं. २०१० मध्ये ते आणि कोयना अभयारण्य मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. २०१८ मध्ये तिथे वाघ कॅमेऱ्यात आला, तर त्याची बातमी झाली. यावरून काय ते समजा. हे ताडोबा नाही. इथे झाडी दाट, चढउतार फार, आणि जनावर बुजरं.

दिराला खाली बघायला शिकवा. सड्यावरच्या, म्हणजे माथ्यावरच्या कातळी पठारावरच्या, धुळीत गव्याचा खूर, सांबराचा खूर, अस्वलाने उकरलेलं वारूळ. चांगला गाइड अर्धा तास एका वारुळापाशी घालवतो. मग धरण आणि अभयारण्यामुळे उठलेल्या गावांच्या खुणा विचारा त्याला. जंगलात मध्येच ओळीत आंबे-फणस दिसले की समजावं, इथे कुणाचं तरी परस होतं.

हळदीच्या दिवशी सकाळी आम्ही मित्र नवरदेवाला घेऊन शृंगारपूरहून प्रचितगडावर जाऊन यावं म्हणतोय. – चौघे, ठाणे

नवरदेवाला सोडून जा. चढ दमवणारा आहे, वर शिडी आहे, आणि पाय मुरगळलेला नवरा बोहल्यावर उभा करायचा असेल तर त्याच्या आईला आधी विचारा. गड उद्यानाच्या हद्दीत असल्याने परवानगी आणि गावातला वाटाड्या दोन्ही हवेत.

आमचं लग्न अलिबागला, मुलाकडचे मालवणचे. दोन्हीकडच्या पाहुण्यांना एकच राष्ट्रीय उद्यान सुचवा.

एकच नको. अलिबागकरांनी मुरुडजवळचं फणसाड बघावं. जंजिऱ्याच्या नवाबांचं हे शिकारीचं रान १९८६ मध्ये अभयारण्य झालं. शेकरू आणि गारंबीचे अजस्र वेल बघायला हौशी पाहुण्याला अर्धा दिवस पुरतो. मालवणकडच्यांनी फोंडा घाट चढून दाजीपूर गाठावं, गवे तिथे. दोन्ही अभयारण्यं आहेत, राष्ट्रीय उद्यानं नाहीत, पण पाहुण्यांना पाटीशी काय करायचंय? बोरिवलीचं उद्यान विमानतळावर उतरणाऱ्यांसाठी ठेवा. कान्हेरी लेणी पाहून होतात. सोमवारी मात्र बंद.

कपडे, खाणं यांचं काय? लग्नातलं उरलेलं बरोबर नेलं तर चालेल ना? – देवगड

मसालेभात न्या, जिलेबी नको. साखरेच्या वासावर माकडं येतात, आणि एकदा कुणी हातावर जिलेबी ठेवली की पुढच्या गाडीतल्या पोराच्या हातातून ती ओढून घेतात. डबे स्टीलचे, पत्रावळीसुद्धा परत आणायच्या.

कपडे मातकट रंगाचे. मोगऱ्याचा गजरा, अत्तर, फवारा, सगळं खोलीवर ठेवून या. हे सोवळं नाही. आग्या मोहोळाच्या माश्या उग्र वासाने आणि धुराने चवताळतात. आमच्या एका मामांनी हिना लावली होती, वर सिगारेट पेटवली. मोहोळ सुदैवाने लांब होतं. पाचसहा माश्यांवर भागलं, पण रिसेप्शनच्या प्रत्येक फोटोत मामांचा एक डोळा मिटलेला आहे. ड्रोनही घरी ठेवा. परवानगीशिवाय उडवलात तर तुमच्या फोटोग्राफरला वऱ्हाडापेक्षा वनखातंच जास्त लक्षात ठेवेल.

आजी ब्याऐंशीची आहे. "मला पण रान बघायचंय" म्हणून हटून बसली आहे. घाटाचा प्रवास झेपणार नाही. – संगमेश्वर

आजीला देवराईत न्या. तुमच्या भागात गावागणिक आहे. आधी गुरवाला किंवा मानकऱ्यांना विचारा, काही ठिकाणी बायकांनी आत जायचं नसतं. तिथे हद्दीबाहेरूनच बघा.

फेब्रुवारी ते मे हे धनेश पक्ष्याचे (हॉर्नबिल) विणीचे दिवस. मादी देवराईतल्या जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड लिंपून घेते, चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवते. अंडी घालणं, उबवणं सगळं आत. नर दिवसभर वडा-उंबराची फळं गळ्यात भरून आणतो आणि एकेक करून त्या फटीतून तिला भरवतो. गावातल्या पोरांना ढोली माहीत असते.

सकाळी सातला जा. आजीसाठी प्लॅस्टिकची खुर्ची न्या, झाडापासून पन्नासेक पावलांवर सावलीत ठेवा आणि गप्प बसा. नर येण्याआधी पंखांचा आवाज येतो, वाफेचं इंजिन लांबून यावं तसा. आजीला कमी ऐकू येत असेल, तरी हा येईल.