'काँग्रेसमन'ला मराठीत काय म्हणाल?

अमेरिकी राजकारणी जॉन डिंगेल यांच्यावरच्या एका अनुवादित मजकुरात त्यांना 'काँग्रेसचे ज्येष्ठ नेते' म्हटलंय. पण ते तर डेमोक्रॅटिक पक्षाचे, मग 'काँग्रेसमन'ला मराठीत म्हणावं तरी काय, असा प्रश्न आला आहे.

सरळ 'खासदार' म्हणावं. मराठीत नुसतं 'काँग्रेस' म्हटलं की डोळ्यांपुढे पक्ष येतो, फार तर गाजरगवत. अमेरिकेत काँग्रेस म्हणजे संसद. तिची सभागृहं दोन, सिनेट आणि प्रतिनिधिगृह. 'काँग्रेसमन' बोलण्यात प्रतिनिधिगृहाच्या सदस्यालाच म्हणतात. सिनेटमधला तो सिनेटर, आणि तो शब्द आपल्याकडे रुळलाय, तसाच असू दे.

'खासदार हा आपल्या संसदेपुरता शब्द' ही हरकत मला पटत नाही. ब्रिटनचे खासदार आपण बिनदिक्कत लिहितो. शिवाय बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२३ मध्ये डिंगेल यांच्याच मिशिगन राज्यातून प्रतिनिधिगृहात गेले. 'खासदार ठाणेदार' कानाला अजिबात खटकत नाही. उलट दोन्हीकडचं 'दार' छान जुळतं! आणखी एक सोय म्हणजे, डिंगेल निवृत्त झाल्यावर त्यांच्या जागी पत्नी डेबी निवडून आल्या. काँग्रेसमन की काँग्रेसवुमन ही कसरत इंग्रजीने करावी; आपला खासदार दोघांनाही चालतो.

खरी फसगत होते ती 'टर्म'पाशी. 'डिंगेल ३० टर्म खासदार होते' असं लिहिलंत की आपला वाचक सवयीने पाचाने गुणतो आणि दीडशे वर्षांवर जाऊन पोचतो. प्रतिनिधिगृहाची मुदत दोनच वर्षांची. वडील खासदार असतानाच वारले, त्या जागेवर डिसेंबर १९५५ च्या पोटनिवडणुकीत २९ वर्षांचे डिंगेल निवडून आले आणि जानेवारी २०१५ पर्यंत हलले नाहीत. दर दोन वर्षांनी मतदारांच्या दारात जाऊनही! म्हणून 'सलग ५९ वर्षं खासदार' असं लिहावं. 'पंचवार्षिक' तर चुकूनही नको.

ते 'डीन ऑफ द हाउस'ही होते. त्याचं 'सभागृहाचे अधिष्ठाता' केलं की मला मेडिकल कॉलेजच आठवतं. हा मान निव्वळ सेवाज्येष्ठतेचा. नव्या सभापतींना शपथ देणं एवढंच त्याचं काम. 'ज्येष्ठतम सदस्य' पुरे.

डिंगेल यांचा दरारा या मानामुळे नव्हताच. १९८१ ते १९९५ ते ऊर्जा व वाणिज्य समितीचे अध्यक्ष होते आणि सरकारी खात्यांना खुलासा मागणारी खरमरीत पत्रं धाडत. त्या पत्रांना वॉशिंग्टनमध्ये नावच पडलं, 'डिंगेलग्राम'. टेलिग्रामवरून केलेली ही कोटी मराठीत आणायची कशी? 'डिंगेलचा खलिता' कसं वाटतं?