सिमिली, मेटाफर, आयरनी, थीसिस... हे सगळं कुठून सुरू करू?

तू विचारलंयस की बी.ए.च्या पहिल्या वर्षाला इंग्लिश लिटरेचर घेतलंय, शाळा हिंदी मीडियमची होती आणि वर्गात हे शब्द भराभर डोक्यावरून जातात, तर सुरुवात कुठून करू. मी इंदूरला रामबागेत घरीच ट्यूशन घेते, दरवर्षी दोन-चार जण अगदी हाच प्रश्न घेऊन येतात म्हणून लिहितेय. वयाने लहान दिसतोस, अरेतुरे करते, चालेल ना.

अर्धं तर तुला आधीच येतं. शाळेत हिंदीत अलंकार घोकले असशील ना? उपमा म्हणजे सिमिली, रूपक म्हणजे मेटाफर, मानवीकरण (आपण मराठीत चेतनगुणोक्ती म्हणतो) ते पर्सॉनिफिकेशन, अतिशयोक्ती ती हायपरबोली. उत्प्रेक्षेला तिकडे वेगळं खातं नाही, ‘ॲज इफ’ दिसलं की बहुतेक सिमिलीतच ढकलतात. आणि उपमेय-उपमान आपल्याकडे कित्येक शतकं चालत आलंय, इंग्रजीत त्यांना टेनर आणि व्हीकल ही नावं आय. ए. रिचर्ड्स या इंग्रज समीक्षकाने 1936 मध्ये दिली, तेव्हा हिंदी मीडियमचं दडपण घेऊ नकोस.

अनुप्रासाला मात्र जपून. अलिटरेशनमध्ये सहसा शब्दाच्या सुरुवातीचा आवाज बघतात, आवाज बरं का, स्पेलिंग नाही. ‘सिटी’ आणि ‘कॅट’ दोन्ही इंग्रजीत सी ने सुरू होतात पण जुळत नाहीत, उलट ‘फोन’ आणि ‘फिश’ची स्पेलिंग वेगळी पण ते जुळतात. शंका आली की देवनागरीत लिहून बघायचं, लगेच कळतं.

खरी गडबड आयरनीत होते, कारण शाळेच्या अलंकारांत तिचा नीट जोड मिळत नाही. सराफ्यात (आपला रात्रीचा खाऊबाजार) खाऊन रात्री एक वाजता घरी आलास आणि आई दारात म्हणाली, “या, आज लवकर आलात!” तर ती व्हर्बल आयरनी, बोलायचं एक आणि अर्थ उलटा. टोचायला म्हटलं असेल तर सार्कॅझम पण (आई आहे म्हटल्यावर टोचायलाच असणार). स्वच्छतेची रॅली निघाली आणि मागे रस्ताभर पाण्याचे पाऊच पडले, ही सिच्युएशनल. आणि नाटकात दाराआड कोण लपलंय हे आपल्याला माहितीये पण स्टेजवरच्या माणसाला नाही, ती ड्रॅमॅटिक. नुसतं वाईट नशीब म्हणजे आयरनी नाही हं. लग्नात पाऊस आला, ही आयरनी नाही. पावसाच्या भीतीने लग्न श्रावणातून मे महिन्यात आणलं, श्रावण कोरडा गेला आणि मे मधल्या त्याच दिवशी धो धो आला, मग झाली.

टोन-मूडमध्ये फार अडकू नकोस, टोन लिहिणाऱ्याचा सूर, मूड वाचताना आपल्याला जे वाटतं ते.

आता निबंध. एसे हा शब्द फ्रेंच ‘एसे’वरून आलाय, अर्थ प्रयत्न, मोंतेन्य या फ्रेंच लेखकाने 1580 मध्ये आपल्या पुस्तकाला ते नाव दिलं. तुमच्या पेपरात मात्र थीसिस स्टेटमेंट, म्हणजे निबंधभर पटवून द्यायचा मुख्य दावा, लागतं, आणि मुलं तिथे विषयच परत लिहून ठेवतात. ‘इंदूर स्वच्छ शहर आहे’ हा थीसिस नाही, 2017 ते 2023 स्वच्छ सर्वेक्षणात सारखा पहिला नंबर आला, कोण भांडणार? ‘इंदूर स्वच्छ झालं ते रस्ते झाडल्यामुळे कमी आणि लोकांना घरातच ओला-सुका कचरा वेगळा करायची सवय लागल्यामुळे जास्त’ हा थीसिस, कारण यावर कोणी म्हणू शकतं की नाही हो, कचऱ्याच्या गाड्या वेळेवर आल्या म्हणून झालं. मग प्रत्येक पॅराग्राफच्या सुरुवातीला त्या दाव्याचा एक-एक तुकडा टाकायचा, तेच टॉपिक सेंटेन्स. ‘या निबंधात मी चर्चा करणार आहे’ वगैरे लिहू नकोस, सरळ कर ना चर्चा.

आणि सिमिलीची स्पेलिंग दहा वेळा लिहून काढ. माझ्याकडच्या एका मुलाने पहिला आय खाल्ला आणि अख्ख्या पेपरात कवीने किती सुंदर स्माइल वापरलीये हेच लिहून आला.