जागल्या, खबऱ्या आणि पुरस्कार

विचारणा अशी आहे : 'व्हिसलब्लोअर अवॉर्ड'ला मराठीत 'जागल्या पुरस्कार' म्हणावे, की 'सत्यवक्ता पुरस्कार'?

'जागल्या' खुशाल वापरावा. गावाची रात्रीची राखण करणारा तो जागल्या. आतला गैरव्यवहार उघड करणाऱ्यासाठी वृत्तपत्रांनी हाच शब्द रुळवला आणि तो चपखल बसला. 'खबऱ्या' मात्र टाळा. तो आडून, बहुधा पैशासाठी, पोलिसांना माहिती पुरवतो.

'जागणे'चा आणखी एक अर्थ इथे मोलाचा आहे : वचनाला जागणे, मिठाला जागणे. खाल्ल्या मिठाला जागला नाही, हाच आरोप जागल्यावर हमखास होतो. पण सरकारी नोकर मीठ खातो ते जनतेचे. सत्येंद्र दुबे या महामार्ग प्राधिकरणाच्या अभियंत्याने सुवर्ण चतुष्कोन या महामार्ग प्रकल्पातील भ्रष्टाचाराबद्दल पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिले, नाव गुप्त ठेवायची विनंती केली. नाव फुटले आणि २७ नोव्हेंबर २००३ला गयेत त्यांचा खून झाला. मिठाला जागणे ते हेच. आयआयटी कानपूर त्यांच्या नावाने पुरस्कार देते.

'सत्यवक्ता' फार सैल आहे. खरे बोलणारा कोणीही सत्यवक्ताच. मूळ नावातच सत्य सांगण्याचा उल्लेख असेल तर 'सत्यकथन' लिहावे. अमेरिकेतला रायडनावर सत्यकथन पुरस्कार असाच. व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैनिकांनी केलेल्या माय लाय हत्याकांडाची माहिती सहकारी सैनिकांकडून जमवून १९६९मध्ये अमेरिकी संसदेच्या (काँग्रेसच्या) सदस्यांना पत्रे धाडणाऱ्या रॉन रायडनावर यांचे नाव त्याला आहे.

सर्वांत मोठी चूक 'अवॉर्ड'च्या भाषांतरात होते. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या रोखे आयोगाच्या कारवाईतील दंडाची रक्कम १० लाख डॉलरच्या वर गेली, तर माहिती देणाऱ्याला वसुलीच्या १० ते ३० टक्के रक्कम मिळू शकते. इंग्रजीत तेही 'अवॉर्ड'च. मराठीत त्याला 'बक्षीस' किंवा 'मोबदला' म्हणा. 'पुरस्कार' लिहिले की वाचक शाल-श्रीफळ समजतो.

रूपे 'खबऱ्या'सारखी चालतात : जागल्याने, जागल्याला, अनेकवचन जागले. मथळ्यात 'जागले' जपून वापरा, कारण 'अधिकारी जागले' हे क्रियापद वाटते. 'जागल्यांचा सन्मान' लिहिले की घोळ राहत नाही. स्त्रीसाठी 'जागली' करू नये, 'जागल्या'च ठेवावे. काही भागांत शेताच्या रात्रीच्या राखणीलाच जागली म्हणतात. '२००२चा पहिला सॅम अ‍ॅडम्स पुरस्कार एफबीआयमधील जागल्या कोलीन रॉली यांना मिळाला' हे वाक्य स्त्रीबद्दल असूनही जसेच्या तसे चालते.