‘आता कारण सांगायचं नाही’ हे वाक्य आधी मागे घ्या

नमस्कार,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुम्ही पुण्यात धायरीला राहता, भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये व्हीएमसी मशीनवर, म्हणजे धातूचे भाग कापणाऱ्या संगणकी यंत्रावर, काम करता. मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली, गणितात १०० पैकी ९३ मिळवले. आता अकरावी सायन्सला आहे आणि पहिल्या चाचणीत तिला २५ पैकी ९ मिळालेत. टेक्सासमधला तिचा चुलतभाऊ ग्राफिंग कॅल्क्युलेटरवर, म्हणजे पडद्यावर आलेख काढून दाखवणाऱ्या कॅल्क्युलेटरवर, गणितं करतो आणि ‘याच्याशिवाय पुढे इंजिनिअरिंगचं गणित जमत नाही’ असं तुमच्या भावानं फोनवर सांगितलं. म्हणून पतसंस्थेतली आरडी मोडून १४ हजारांपर्यंतचा कॅल्क्युलेटर घ्यायची तुमची तयारी आहे. त्यातल्या त्यात स्वस्त आणि टिकाऊ कोणता, एवढंच तुम्ही विचारलंय.

कोणताच घेऊ नका. आरडी आहे तशी चालू द्या.

कॅल्क्युलेटरचं पुढे सविस्तर सांगते, कारण त्यात एक मोठा गैरसमज आहे. पण त्याआधी तुमच्या पत्रातल्या शेवटून दुसऱ्या वाक्याबद्दल बोलायचंय. तुम्ही लिहिलंय, ‘तिला सांगून ठेवलंय, एवढं महागाचं आणून दिल्यावर मार्कांचं कारण सांगायचं नाही.’

हे तुम्ही रागानं लिहिलेलं नाही, हे मला कळतं. आपण पोटाला चिमटा काढून मुलीसाठी काहीतरी करतोय, तिनंही जीव तोडून करावं, एवढंच तुम्हाला म्हणायचं असणार. पण हेच वाक्य सोळा वर्षांच्या मुलीच्या कानांनी ऐकून बघा. वस्तू अजून घरात आली नाही आणि तिचं ओझं मात्र पोरीच्या डोक्यावर येऊन बसलंय. पुढच्या चाचणीत २५ पैकी ११ मिळाले, तर ती काय करेल? तुमच्यासमोर पेपर ठेवणार नाही. दप्तरात खाली, वह्यांच्या मागे सारेल. काय अडलं हे ती सांगायचीच बंद झाली, तर तुम्ही तिला मदत तरी कशी करणार?

दोन वर्षांपूर्वी बारावीतला एक मुलगा आई-वडिलांबरोबर माझ्याकडे आला होता. घरच्यांनी हप्त्यांवर टॅब घेऊन दिला होता. मी त्याला विचारलं, कोणता धडा अडतोय? बराच वेळ तो टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत बसला. मग म्हणाला, ‘मॅडम, अजून सात हप्ते राहिलेत.’ धडा त्याला सांगता आला नाही, हप्ते मात्र तोंडपाठ होते. त्याच्या आईच्या डोळ्यांत तेव्हा जे पाणी आलं, ते तुमच्या घरी येऊ नये असं मला वाटतं.

तुम्ही मशीनवर काम करता, म्हणून तुमच्याच भाषेत विचारते. जॉब साइझमध्ये बसत नसेल तर तुम्ही आधी काय बघता? सेटिंग बघता, टूल झिजलंय का ते बघता, ड्रॉइंग पुन्हा वाचता. लगेच नवा महागडा व्हर्निअर मागवत नाही. मुलीच्या बाबतीत मात्र तिचा चाचणीचा पेपर उघडूनही न बघता तुम्ही थेट खरेदीवर आलात. पत्रात कॅल्क्युलेटरबद्दल पानभर आहे. तिचे कोणते प्रश्न चुकले, याबद्दल एक ओळ नाही.

पेपर न बघताही मला एक शंका येते, कारण ही घसरण मी दरवर्षी बघते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचं गणित अकरावीत बहुतेक वेळा कच्चं नसतं, शब्द परके झालेले असतात. दहावीपर्यंत ज्याला ‘चढ’ म्हणत होते त्याचा स्लोप होतो, जीवेची कॉर्ड होते, वर्गसमीकरणाचं क्वाड्रॅटिक होतं. सगळ्यात जास्त गोंधळ टँजंटचा. वर्तुळाची स्पर्शिका म्हणजे टँजंट, आणि त्रिकोणमितीतला टॅन म्हणजेही टँजंटच. सर फळ्यावर वर्तुळ काढून टँजंट म्हणतात आणि पोर मनात टॅन थीटा शोधत बसते. तोवर सर दोन पायऱ्या पुढे गेलेले असतात. ऐंशी मुलांच्या वर्गात उठून ‘सर, कुठला टँजंट?’ असं विचारायला धीर लागतो. घरी ‘कारण सांगायचं नाही’ असं ऐकलेल्या मुलीत तो कुठून येणार?

यावर चौदा हजारांचं यंत्र चालत नाही. दोनशे पानी वही चालते. डाव्या बाजूला मराठी शब्द, उजवीकडे इंग्रजी, आणि मधे छोटीशी आकृती. दोन महिन्यांत फरक दिसतो.

परीक्षांचं थोडक्यात सांगते: बारावी बोर्ड, एमएचटी-सीईटी, जेईई मेन आणि जेईई ॲडव्हान्स्ड, यांपैकी कुठेही कॅल्क्युलेटर चालत नाही. साधाही नाही. बोर्डाच्या गणिताच्या पेपरवर सूचनाच असते की लॉग टेबल चालेल, कॅल्क्युलेटर चालणार नाही. आणि तिथेच आणखी एक सूचना असते: आलेखकागदाची गरज नाही, आलेखाची फक्त कच्ची आकृती अपेक्षित आहे.

तुमच्या भावाचा जो गैरसमज आहे, त्याला या दुसऱ्या सूचनेतच उत्तर आहे. आलेख काढून देणारं यंत्र हातात आलं की गणित समजतं, असं त्यांना वाटतंय. आपल्याकडच्या परीक्षा नेमकं हेच तपासतात की आलेख तुम्हाला डोक्यात दिसतो का. एक उदाहरण घ्या. एक्सचा वर्ग वजा ४ एक्स अधिक ३, या राशीची किंमत धन धरायची, म्हणजे तिला मॉड्युलस लावायचा, आणि ते सगळं १ बरोबर आहे. उत्तरं किती? नुसती आकडेमोड करत बसलं तर वेळ जातो. पण जिला माहीत आहे की या राशीचा आलेख, म्हणजे वाटीच्या आकाराचा पॅराबोला, एक्सच्या अक्षाला १ आणि ३ वर छेदतो आणि त्याचा तळ २ वर, उणे १ इतका खाली आहे, ती काय करते? अक्षाखालचा तो वाटीसारखा भाग आरशासारखा वर उलटवते. आता तिथे टेकडी तयार झाली आणि तिचा माथा बरोबर १ वर आला. १ च्या उंचीवर आडवी रेघ ओढली की ती टेकडीच्या माथ्याला टेकते आणि दोन्ही बाजूंच्या फांद्यांना एकेकदा छेदते. उत्तरं तीन. एक मिनिटही लागत नाही, आणि पेनानं काढलेली वेडीवाकडी आकृती पुरते. सीईटीला गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, तिथे हीच सवय कामाला येते. यंत्रानं आधीच आकृती काढून दाखवायची सवय लागली, तर ही उलटवण्याची क्रिया डोक्यात घडतच नाही.

मग अमेरिकेत सगळी मुलं तो का वापरतात? तिथल्या शाळांचा अभ्यासक्रमच त्याच्या आधारानं शिकवला जातो आणि तिथल्या बऱ्याच परीक्षांत तो चालतो. तुमच्या पुतण्याला त्याची गरज आहे, तुमच्या लेकीला नाही. भाऊ प्रेमानंच बोलले आहेत, पण त्यांचा सल्ला त्यांच्या गावचा आहे. आणि उद्या तिनं अमेरिकेत शिकायला जायचं ठरवलं, तरी तिथल्या कॉलेजप्रवेशासाठीची सॅट ही परीक्षा आता संगणकावर होते आणि तिच्या परीक्षेच्या ॲपमध्येच डेस्मॉस नावाचा ग्राफिंग कॅल्क्युलेटर दिलेला असतो. म्हणजे तेव्हाही विकत घ्यायची वेळ येत नाही.

आलेखांशी खेळायचं असेल तर जरूर खेळावं, मी त्याच्या विरोधात अजिबात नाही. डेस्मॉस आणि जिओजेब्रा ही दोन्ही ॲप फुकट आहेत आणि घरातल्या साध्या स्मार्टफोनवर चालतात. टीआय-८४ प्लस हे ग्राफिंग कॅल्क्युलेटरचं २००४ साली आलेलं गाजलेलं मॉडेल. त्याचा पडदा ९६ बाय ६४ ठिपक्यांचा. तुमच्या खिशातला फोन त्याहून कितीतरी स्वच्छ आलेख दाखवतो, बोटानं मोठा-लहान करता येतो, आणि स्लायडर सरकवला की पॅराबोला डोळ्यांसमोर हलतो. एकच पथ्य पाळायला सांगा: आधी हातानं काढायचा, मग फोनवर पडताळायचा.

हेच सदर वाचणाऱ्या काही पालकांची मुलं आयबीच्या, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या परदेशी बोर्डाच्या, शाळांत आहेत, त्यांच्यासाठी सांगते. आयबी डिप्लोमाच्या गणिताला ग्राफिंग कॅल्क्युलेटर खरोखर लागतो, तिथे काटकसर करून साधा घेऊन चालणार नाही. पण नवाच हवा असंही नाही. शाळेतून बाहेर पडणाऱ्या बॅचकडे विचारा. दोन वर्षं वापरलेला कॅल्क्युलेटर त्यांना विकायचाच असतो. गणिताचे शिक्षक वर्गात जे मॉडेल वापरतात तेच घ्या, नाहीतर ‘हे बटण माझ्याकडे कुठेय’ यातच तास जातो. त्यात एक्झाम मोड, म्हणजे परीक्षेपुरती साठवलेली माहिती बंद ठेवायची सोय, हवा. बीजगणित स्वतः सोडवून देणारं, ज्याला सीएएस म्हणतात ते मॉडेल चालत नाही. नावं सारखी दिसतात, फसू नका. कॅसिओचा एफएक्स-सीजी५० पेन्सिल सेलवर चालतो, टीआय-८४ प्लस सीईला चार्ज होणारी बॅटरी असते. जुना घेताना ती किती टिकते ते बघून घ्या आणि पडद्यावर मेलेल्या रेघा नाहीत ना तेही. आणि केंब्रिजच्या ए लेव्हलला असणाऱ्यांनी मात्र थांबावं. तिथे गणिताला साधा सायंटिफिकच लागतो, ग्राफिंग कॅल्क्युलेटर चालतच नाही. ‘परदेशी बोर्ड म्हणजे ग्राफिंग’ असं धरून आधीच पैसे घालवलेले पालक मला भेटले आहेत.

पुन्हा तुमच्याकडे येते. मुलगी इंजिनिअरिंगला गेली तर पहिल्या वर्षी तिला प्रोग्रॅम न होणारा सायंटिफिक कॅल्क्युलेटर लागेल. कॅसिओचा ९९१ मालिकेतला कोणताही चालेल, हजार-दीड हजारात येतो. अप्पा बळवंत चौकात पुस्तकं घ्यायला जाल तेव्हाच घ्या, किंवा शेवटच्या वर्षाच्या एखाद्या ताईचा मागून घ्या. ते यंत्र सहसा बिघडत नाही. तोपर्यंत दोन वर्षं ते घरात नसलेलंच बरं. तीस गुणिले पंधरासुद्धा यंत्रावर करायची सवय लागते आणि मग सीईटीत हात अडखळतो.

तुमच्यासाठी या आठवड्याचं काम एवढंच. ती अभ्यासाला बसली असताना नको. जेवणं झाल्यावर, तुमची दुसरी पाळी नसेल त्या दिवशी, तिला सांगा की कॅल्क्युलेटर घेत नाहीये, आणि मी जे कारणांबद्दल बोललो तेही मागे घेतो. मग चाचणीचा पेपर मागा आणि ती देईल तेव्हा मार्कांच्या चौकटीकडे न बघता विचारा, ‘यातला कुठला प्रश्न वाचताना कळला नाही?’ तुम्हाला ते गणित येण्याची गरज नाही. ती बोलेपर्यंत तुम्ही गप्प बसा. तुमच्यासारख्या माणसाला हे जड जाणार आहे, मला माहीत आहे.

आणि बाळ, हे पत्र तुझे बाबा तुला वाचायला देतील अशी माझी खात्री आहे. २५ पैकी ९ मिळाले म्हणजे काही प्रश्न तू परक्या भाषेत वाचून, नव्या कॉलेजात, पहिल्या चाचणीत बरोबर सोडवलेस. ते कोणते होते आणि सुटले कसे, हे मला चार ओळींत लिहून पाठव. चुकलेल्यांचं आपण त्यानंतर बघू.