एकच मोबाइल सगळे घर वापरत असताना १३ वर्षांच्या मुलाला हिंसक आणि अश्लील व्हिडिओंपासून कसे दूर ठेवावे?

केवळ मोबाइल काढून घेऊन हा प्रश्न सुटत नाही, कारण मुंबईत तोच व्हिडिओ मुलाला शाळेच्या बसमध्ये किंवा चाळीच्या जिन्यावर मित्राच्या मोबाइलवर दिसू शकतो. मोठ्यांनी जे पाहिले असेल त्यावरून मुलासमोर पुढचे व्हिडिओ सुचवले जातात. म्हणून त्याचे स्वतंत्र प्रोफाइल करावे आणि ऑटोप्ले, म्हणजे पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होणे, बंद ठेवावा. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार ओटीटी, म्हणजे इंटरनेटवरून चित्रपट-मालिका दाखवणाऱ्या, कंपन्यांना ७, १३ आणि १६ वर्षांवरील अशी वर्गवारी दाखवावी लागते आणि १३ वर्षांवरील वर्गापासून पुढे पालकांसाठी लॉकची सोय द्यावी लागते. ती आजच सुरू करावी. मात्र व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या व्हिडिओंना हे लॉक अडवत नाही, आणि माझ्या मते मोठा धोका तिथेच आहे. काही भयंकर पाहिल्याचे घरी सांगितले तर ओरडा बसणार नाही, ही खात्री मुलाला शांतपणे, पुन्हा पुन्हा द्यावी लागते. कोणी फोटो मागत किंवा धमकावत असेल, तर संभाषण पुसू नये. १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लगेच कळवावे.