धानातली जाळी पाहून फवारा मारू नका

प्रश्न : धान पोटरीत आहे, लोंब्या बाहेर पडायच्या आहेत. सकाळी बांधीभर, म्हणजे सगळ्या शेतात, जाळी दिसतात. कृषी केंद्रवाल्याने ‘कोळी आला’ म्हणून सायपरमेथ्रीन हे कीटकनाशक आणि सोबत एक कोळीनाशक दिलं. मारू का?

उत्तर : नाही, भाऊ. अजिबात मारू नका. रस शोषणारा लाल कोळी वेगळा. तो पानामागे असतो आणि डोळ्यांना जेमतेम दिसतो. तुमच्या बांधीतला जाळीवाला कोळी तुमचा राखणदार आहे. नाव एकच, म्हणून दुकानात गल्लत होते आणि भुर्दंड तुम्हाला पडतो.

दव असताना बांधीत उतरून पाहा. लांब जबड्याचा कोळी पाय ताणून काडीला असा चिकटतो की काडीच वाटते. शेजारच्या जाळ्यात तुडतुडे (धानाचा रस शोषणारे बारके किडे) आणि खोडकिडीचे पतंग अडकलेले सापडतील. चुडाला, म्हणजे धानाच्या झुपक्याला, धक्का लागला की हे कोळी धाग्यावर लोंबकळत खाली उतरतात आणि धोका टळला की त्याच धाग्याने वर चढतात. जाळं फाटलं तर ते खाऊन पुन्हा नवं विणतात. बुंध्याशी पाण्यावर पळतो तो लांडगा कोळी. तो शिकारीसाठी जाळं विणत नाही, पण मादी अंडी रेशमाच्या पुरचुंडीत बांधून मागे चिकटवून फिरते. असा एक कोळी दिवसाला 5 ते 15 तुडतुडे खातो. बारकी पिल्लं पात्याच्या शेंड्यावर चढतात, तार सोडतात आणि वाऱ्यावर पुढच्या बांधीत जातात.

सायपरमेथ्रीन मारलंत की आधी हे मरतात. तुडतुड्याची अंडी पानाच्या आवरणात सुरक्षित राहतात, पिल्लं निघतात, आणि त्यांना खाणारं कोणी उरत नाही. मग धान गोल-गोल चट्ट्यांनी करपतो. हे मी किती तरी बांध्यांत पाहिलं आहे. दोन औषधं मिसळू नका. ‘पंपाला एक झाकण जास्त’ तर मुळीच नको.

बांधीत फिरून 20 चुडांच्या बुंध्यांवरचे तुडतुडे मोजा. चुडाला सरासरी 10 तुडतुडे भरले तर आधी 3-4 दिवस पाणी काढा, युरिया थांबवा. तरी वाढले तरच धानावर तुडतुड्यांसाठी शिफारस असलेलं एकच औषध, लेबलवरच्या मात्रेत, बुंध्यावर मारा. जाळी मोजून फवारा ठरवायचा नसतो, तुडतुडे मोजून ठरवायचा.

कापणीनंतर सगळं तणस (धानाचा पेंढा) जाळू नका. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चार-सहा पेंढ्या उभ्या ठेवा, कोळी त्यात आसरा घेतात. हे एवढं तरी माझं ऐकाच.

क्रॉपसॅप (किडींवर नजर ठेवून सल्ला देणारा कृषी विभागाचा प्रकल्प) याच्या शेतीशाळेसाठी सहायक कृषी अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे कृषी सहायक) नाव द्या. आणि त्या बाटल्या सील न फोडता आजच परत करा.